जुन्या चेतकची उलटतपासणी : आधीच्यांचे जुगाड शोधायचे कसे आणि निस्तरायचे कसे

मागच्या चाकाच्या मोठ्या नटात खिळा निघाला. सुताराचा, दीड इंची, एक टोक वाकवलेलं आणि दिसू नये म्हणून वर ग्रीसचा गोळा. तिथे स्प्लिट पिन असते, म्हणजे नट सुटू नये म्हणून आरपार घालून वाकवायची दुपेडी पिन. किंमत म्हणाल तर एका कटिंग चहाएवढी. गाडी घेऊन मला आठ महिने झाले होते आणि त्या खिळ्याच्या भरवशावर मी कराड ते कोल्हापूर दोनदा जाऊन आलो होतो. त्यातल्या एका खेपेला मागे आई बसलेली.

गाडी म्हणजे १९८७ ची बजाज चेतक. हल्लीची विजेवरची नव्हे. आकुर्डीत बनलेली, टू-स्ट्रोक, १४५ सीसीची, हँडलवर गिअर असलेली. ज्यांच्याकडून घेतली ते गृहस्थ खोटं बोलले नव्हते. ‘काही काम नाही हो तिला, पेट्रोल टाका आणि पळवा,’ असं ते म्हणाले, आणि ते स्वतःही तशीच पळवत होते. इतक्या वर्षांत गाडीला मालक चार झाले असतील, मिस्त्री दहा. कोणी केलं हे शोधण्यात अर्थ नाही, काय केलंय ते शोधायचं.

ते शोधताना मी एक गोष्ट महागात शिकलो. जुगाड हे चुकीचं उत्तर असेल, पण त्याच्यामागचा प्रश्न खरा असतो. तार बांधली म्हणजे काहीतरी सुटत होतं. पॅकिंगवर सिलिकॉन थापलं म्हणजे तिथून काहीतरी गळत होतं. जुगाड उपटून टाकण्याआधी तो कशासाठी केला होता हे कळलं पाहिजे, नाहीतर आपण बिघाडावरचं झाकण तेवढं उचलतो. मी ते उचललं आणि एक पिस्टन घालवला. ते पुढे सांगतो.

पहिला आठवडा : पाना खाली ठेवा

गाडी दारात आली की हात शिवशिवतात. आठ दिवस थांबा. या आठ दिवसांत तीन कामं करा.

पहिलं, रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाका. मिठाईच्या दुकानातला मोठा खोका फाडून चालतो. सकाळी डाग बघा आणि पुढचं चाक कुठे होतं ती खूण पुठ्ठ्यावर करा. पेट्रोलचा डाग उडून जातो पण कडा पिवळट राहते आणि वास येतो. गिअर ऑईलचा डाग पसरतो, बोटांना बुळबुळीत लागतो. एका आठवड्याचे सात पुठ्ठे तुम्हाला गॅरेजवाल्यापेक्षा जास्त सांगतील.

दुसरं, वही घाला. गाडी थंड असताना कितव्या किकला सुरू झाली, चोक किती लागला, गरम झाल्यावर थांबवून पुन्हा सुरू करताना काय झालं, तिसरा गिअर निसटतो का, ब्रेक मारल्यावर कोणत्या बाजूला ओढते. ‘चेतक एका बाजूला कलवल्याशिवाय सुरू होत नाही’ हे अख्ख्या देशाचं पाठांतर आहे, पण रोज सकाळी कलवावीच लागत असेल तर तेही लिहा. पेट्रोल नीट उतरत नाहीये.

तिसरं, फोटो. दोन्ही बाजूंची बोनेटं (फुगीर झाकणं) काढून, सीट उचलून, खालून, आहे तशा अवस्थेत. वायर कोणत्या वायरला जोडलीय हे नंतर आठवत नाही. आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

कागदपत्रंही याच आठवड्यात उरका. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी अंक-अंक जुळवा. आधी कोणी इंजिन बदललं असेल किंवा रंग बदलून आरसीवर नोंद केली नसेल, तर ते निस्तरण्याची जबाबदारी आता तुमची. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तिची तारीख बघा. आणि २९-३० नंबरचे फॉर्म भरून गाडी नावावर झाल्याशिवाय तिच्यावर मोठा खर्च करू नका.

आधी बघा, मग धुवा, मग पुन्हा बघा

बहुतेक जण गाडी आणली की आधी वॉशिंगला नेतात. त्यात पुरावा वाहून जातो. ओली चिकट धूळ जिथे साचलीय तिथून गळती आहे. कोरडी धूळ म्हणजे ठीक. हे बघून घेतल्यावर मग रॉकेल किंवा डिझेल, जुना रंगाचा ब्रश आणि चिंध्या घेऊन इंजिन हाताने साफ करा. कार्बोरेटरच्या डब्यावर आणि मॅग्नेटच्या (गाडीची वीज बनवणाऱ्या, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या) पंख्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, पॉइंटमध्ये, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या उघडझाप करणाऱ्या जोडात, पाणी गेलं तर दुसऱ्या दिवशी भलताच बिघाड शोधत बसाल.

इंजिन स्वच्छ झालं की खुणा दिसायला लागतात. चार स्क्रूंपैकी तीन सारखे आणि एक वेगळ्या डोक्याचा असेल, तर तिथे कोणीतरी जाऊन आलंय. नटाचे कोपरे गोल झालेत म्हणजे पाना चुकीचा किंवा पक्कड वापरली. गोल नटावर छिन्नीचे वार असतील तर त्या मिस्त्रीकडे त्याचा पाना नव्हता, आणि आतलं कामही त्याने त्याच थाटात केलं असेल. मॅग्नेटच्या पंख्याची पाती तुटलीत? पुलर न वापरता हातोडीने काढलंय. पॅकिंगच्या कडेने लाल-काळं सिलिकॉन बाहेर आलंय, तर जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही गेलंय. नव्या रंगाचा एकच ठिपका, पेट्रोलच्या नळीला क्लिपऐवजी बांधकामाची तार, टाकीला एमसील. प्रत्येक गोष्ट वहीत.

यादी झाली की तिचे तीन भाग पाडा: जीव घेईल ते, इंजिन खाईल ते, आणि नुसतं कुरूप ते. कामाला हात याच क्रमाने लावायचा. रंगकाम सगळ्यात शेवटी. आपल्याकडे ते सगळ्यात आधी करतात, कारण ते शेजाऱ्यांना दिसतं.

चाकं, ब्रेक, हँडल

चेतकची रिम दोन तुकड्यांची असते हे नव्या माणसाला माहीत नसतं. पाच नट चाकाला ड्रमवर धरतात आणि दुसरे पाच नट रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरतात. चाकात हवा असताना हे दुसरे नट सोडले तर रिम फुटल्यासारखी उघडते आणि तोंडावर, हातावर येते. यात माणसं जबर जखमी झाली आहेत. त्यामुळे चाक काढायचं असलं तरी आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मगच पान्याला हात घाला. ही सवयच करून घ्या, अपवाद नको.

चाक निघाल्यावर रिमचे नट एकेक बघा. माझ्या स्टेपनीत पाचांपैकी चारच होते आणि त्यातल्या एकाला स्प्रिंग वायसर नव्हता. आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे असतील तर रिम टाकून द्या, घासून रंगवू नका.

आता तो खिळा. मागच्या ड्रमच्या मधोमध मोठा नट, त्यावर खाचा आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन. पिन नसेल किंवा तिच्या जागी तार-खिळा असेल तर नट कधीतरी ढिला झालेलाच असतो. मग ड्रमच्या आतले दाते झिजतात. ओळखायचं कसं? गाडी स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवून गिअरमध्ये टाका, ब्रेक सोडा आणि दुसऱ्याला चाक पुढे-मागे हलवायला सांगा. मधला नट जागचा हलत नाही आणि ड्रम मात्र ‘खट खट’ करत हलतो, असं दिसलं की दाते गेले. नुसती नवी पिन घालून भागत नाही; ड्रम काढून दाते डोळ्यांनी बघायचे. माझ्या ड्रमचे दाते धारदार झाले होते, सुपारीच्या अडकित्त्यासारखे. नवा ड्रम घातला, नट नीट आवळला, नवी पिन घातली. पिन दरवेळी नवीच. सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन म्हणजे तो खिळाच.

ड्रम निघालाच आहे तर ब्रेकशू बघा. शू तेलकट असतील तर आतलं ऑईल सील गेलंय आणि गिअर ऑईल ब्रेकवर येतंय. मागच्या माणसाने बहुधा शूंना पॉलिश पेपर मारून वेळ काढली असेल. तेल प्यायलेले शू कितीही घासले तरी गरम झाले की पुन्हा तेल सोडतात. सील बदला, मग शू बदला, याच क्रमाने. आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.

ब्रेकचा ॲडजस्टर आट्यांच्या शेवटापर्यंत आवळलेला दिसला तर शू संपलेत किंवा केबल ताणलीय. हँडलसाठी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेटमध्ये (हँडलच्या बेअरिंगमध्ये) खळगे पडलेत. बरेच जण तो ढिला करून अडकणं लपवतात, आणि मग वेगात हँडल थरथरतं.

पत्रा : ही चेसिसच आहे

चेतकला वेगळी फ्रेम नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची हाडं. म्हणून पायाखालचा पत्रा सडला असेल तर ते दिसण्याचं काम नाही, गाडी मधून वाकण्याचं काम आहे.

रबरी मॅट उचला. गाडी विकताना मॅट नवी घातलेली असेल तर आधी तीच उचला. मग एक छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी (पुट्टी) आहे, पत्रा नाही. बोटाच्या पेराने ठोकून बघा: चांगला पत्रा ‘टण’ वाजतो, लांबी ‘थप’. मग गाडी आडवी करून खालून बघा. आडवी करण्याआधी टाकी रिकामी करा आणि खाली जुनी गादी टाका. तळाला मधोमध जी उभी पट्टी जाते, जिथे स्टँड बसतो, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर रिव्हेट मारलेला नवा पत्रा आणि वरचा जाड काळा डांबरी रंग हे दोन्ही निव्वळ नाटक आहे. कोकणातून, समुद्राकाठून आलेल्या गाडीत हे हमखास.

उपाय एकच: सडलेलं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. वेल्डिंगआधी टाकी काढून दूर ठेवायची. नुसती रिकामी केलेली टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत पेट्रोलची वाफ असते.

वायरिंग

थोडक्यात सांगतो, कारण इथे उपायही सरळ आहे. जिथे जिथे काळी टेप गुंडाळलीय तिथली टेप सोडा. आत वायरी नुसत्या पिळलेल्या असतील तर प्रत्येक जोड कापून नीट कनेक्टर लावा. पाचपेक्षा जास्त जोड निघाले तर अख्खी हार्नेस (वायरींचा पूर्ण संच) नवी घ्या, वेळ वाचेल. इंजिनपासून बॉडीकडे येणारी अर्थची वायर घासून, आवळून घ्या. चेतकचे निम्मे ‘कॉईल गेली’वाले बिघाड तिथे सुटतात.

एक गंमत मात्र कळायला हवी. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांत दिवे थेट मॅग्नेटवर चालतात आणि कॉईलने बनवलेली वीज सगळ्या बल्बांत वाटली जाते. आधीच्याने कमी वॉटचा बल्ब लावला किंवा मागचा दिवा उडालेला तसाच ठेवला, तर उरलेल्यांवर जास्त भार येतो आणि वेग वाढवला की तेही उडतात. आठवड्याला बल्ब जात असेल तर बल्बच्या कंपनीला शिव्या देऊ नका. कंपनीने ठरवून दिलेले वॉट सगळीकडे आहेत का ते तपासा.

इंजिन, आणि माझा पिस्टन

माझ्या वहीत पहिल्या आठवड्याची नोंद होती: प्लग काळा-तेलकट, धूर भरपूर, ॲव्हरेज २८. कार्बोरेटर उघडला. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकाची नळी) काढून उजेडासमोर धरला तर भोक गोल नव्हतं, लांबट होतं आणि कडेला पितळ ताजं चमकत होतं. कोणीतरी सुई किंवा बारीक ड्रिल घालून भोक मोठं केलं होतं. मला फार आनंद झाला. सापडला चोर! पुण्याला नाना पेठेतून योग्य नंबरचा नवा जेट आणला, बसवला. गाडी अशी सुटली की विचारू नका. धूर कमी, आवाज मोकळा.

चौथ्या दिवशी पेठ नाक्याच्या अलीकडे, साठच्या वेगात, इंजिनातून ‘कर्र’ असा आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. पिस्टनने पकडलं होतं, म्हणजे तापून फुगून तो सिलिंडरमध्ये अडकला होता.

मिस्त्रींनी मॅग्नेट उतरवला, मागे बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट माझ्यापुढे धरलं. ‘हे सील लाकूड झालंय. हवा ओढत होतं. आधीच्याने पेट्रोल वाढवून भागवलं होतं. तुम्ही पेट्रोल कमी केलंत, हवा तशीच ठेवलीत.’

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधूनच ऑईल जातं. हवा जास्त, मिश्रण कमी, म्हणजे उष्णता जास्त आणि वंगण कमी. मोठं केलेलं भोक हा आडाणी उपाय होता, पण त्याने ते इंजिन कित्येक वर्षं जिवंत ठेवलं होतं. मी शहाणा, चार दिवसांत मारलं.

म्हणून इंजिनाचा क्रम असा ठेवा. जेट, स्क्रू, टायमिंग यांना हात लावण्याआधी हवा कुठून घुसतेय ते बघा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, रेस धरून राहतं, किंवा गरम गाडीलाही चोक लागतो: हवा घुसतेय. मॅग्नेटच्या बाजूचं सील, सिलिंडरखालचं पॅकिंग, कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, ही तीन ठिकाणं. पेट्रोल शिंपडून गळती शोधायचा गॅरेजी प्रयोग घरी करू नका, गरम सायलेन्सर शेजारीच आहे.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटी लक्षणं. गिअर ऑईल इंजिनात ओढलं जातं, पांढुरका दाट धूर निघतो, प्लग वारंवार ओला होतो आणि गिअरबॉक्समधलं ऑईल कुठेही न गळता कमी होतं. ऑईल मोजून काढा. या गिअरबॉक्सला साधारण पाव लिटर एसएई ३० लागतं. निम्मंच निघालं तर उरलेलं तुम्ही धुरातून सोडलंत. निघालेल्या ऑईलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ते पातळ असेल तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल बसत नाही आणि रात्री पेट्रोल आत उतरतंय. मग तोवर रोज कॉक बंद करायचा.

सायलेन्सर उतरवलात तर एक्झॉस्टच्या तोंडातून आरसा आणि टॉर्चने पिस्टनची बाजू बघता येते, किक हळू दाबत. उभे ओरखडे म्हणजे आधी एकदा पकडून झालंय. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइझचा, म्हणजे सिलिंडर कापून पिस्टन किती मोठा घातलाय त्याचा, आकडा असतो. हेड खोलाल तेव्हा वहीत उतरवा, पुढे किती बोअर शिल्लक आहे ते त्यावरून कळतं. स्टँडर्ड बोअर ५७ मिमी.

प्लगच्या आट्यांना साबणाचं पाणी लावून किक मारा. बुडबुडे आले तर आटे गेलेत. मागच्याने दोन वायसर किंवा टेफ्लॉन टेप लावून भागवलं असेल. लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवून घ्या, हेड फेकू नका. टायमिंग अकारण चुकत असेल, किक उलटी मारत असेल, तर मॅग्नेटची चावी, म्हणजे त्याला क्रँकवर नेमक्या जागी धरणारा छोटा तुकडा, तुटलीय का बघा. माझ्या गाडीत चावीशेजारी डब्याच्या पत्र्याची बारीक चकती कोंबलेली होती. चावी झिजली म्हणून चकती आली, पण चावी झिजली ती क्रँकचा टेपर (निमुळतं टोक) आणि मॅग्नेटचा टेपर नीट बसत नव्हते म्हणून. दोन्ही साफ करून, नवी चावी घालून, नट पूर्ण आवळल्यावर चकतीची गरज उरली नाही. पॉइंट ०.४ मिमी, प्लग ०.६ मिमी.

पेट्रोलमध्ये ऑईल लिटरला २० मिली, आणि तेही टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईलच. आवाज येतो म्हणून जास्त ऑईल घालणारे बरेच असतात. टाकीत आधीचं मिश्रण किती तिखट आहे ते माहीत नसतं, तेव्हा टाकी रिकामी करून नव्याने भरा.

काही जुगाड राहू द्या

सगळंच उपटू नका. माझ्या गाडीला कोणीतरी जुन्या टायरचा तुकडा कापून मडफ्लॅप लावलाय, तो बाजारातल्या कुठल्याही मडफ्लॅपपेक्षा टिकाऊ आहे. डाव्या डिकीच्या झाकणाला आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलीय, खडखड वाजू नये म्हणून. पेट्रोलच्या नळीत मध्ये फिल्टर बसवलाय. ज्याने केलं त्याचं गाडीवर प्रेम होतं, आणि बहुधा खिळा घालणारा वेगळा.

जुने सुटे भाग लागले तर नाना पेठेत आधी विचारा, मग पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. पण सील, ब्रेकशू, केबल, स्प्लिट पिन या गोष्टी जुन्या घ्यायच्या नाहीत, कितीही ‘ओरिजिनल’ म्हणू देत. नवा भाग घेताना जुना खिशात ठेवून न्या आणि काउंटरवर शेजारी ठेवून जुळवा.

काम झाल्यावर पहिले शंभर किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. मग इंजिन थंड असताना हेडचे नट, आणि चाकातली हवा सोडून रिमचे नट एकदा पुन्हा बघा. प्लग काढून रंग बघा: कॉफीसारखा तपकिरी हवा. पांढरा दिसला तर थांबा, कुठूनतरी हवा अजून घुसतेय.

आणि पुठ्ठा पुन्हा टाका. माझ्या पुठ्ठ्यावर आता रोज एकच डाग पडतो, रुपयाएवढा, किकच्या शाफ्टखाली. तिथला ओ-रिंग आणून ठेवलाय, रविवारी बसवायचाय.